चोरावर मोर: ऑनलाइन जुगारात हाती आलेली पळवाट वापरावी का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

कॉलेज रोडवरच्या टपरीपासून पंचवटीतल्या ओट्यांपर्यंत एक वाक्य सारखं कानावर येतं: "कंपनी सगळ्यांना लुटते, मग तिलाच कुणी लुटलं तर बिघडलं काय?" ऐकायला झकास आहे. पण त्यात निदान तीन निराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या जातात, म्हणून धागा काढतोय.

एक: साइटने दिलेल्या बोनसचा हिशेब मांडून, नियमात राहून पैसे काढणं.
दोन: सामना मैदानात बसून पाहायचा आणि ज्याच्या मोबाइलवर चित्र उशिरा पोचतं त्याच्याशी पैज लावायची.
तीन: रमीच्या एकाच टेबलावर दोन मित्रांनी बसून एकमेकांना फोनवर पानं सांगणं.

यातली हुशारी कोणती, लबाडी कोणती आणि रेघ कुठे? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं आपल्याकडे गुन्हा झालाय. देशी कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले, बाहेरच्या साइट्स मात्र वेगवेगळ्या नावांनी उगवतातच, त्यामुळे प्रश्न संपलेला नाही. कृपया प्रवचन नको. यंत्रणा कशी चालते ते धरून बोलू या.

मिसळ_कमी_तिखट

चोरावर मोर झाल्यावर पिसारा मिळतो का, तेवढं सांगा. बाकी धागा वाचनखुणेत.

बावन्न_पाने

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे शंकेला जागाच नाही.

तेरा पानी रमीत दोन कॅट आणि दोन छापील जोकर मिळून १०६ पानं. सहा जण बसले की ७८ पानं हातांत जातात, एक कट जोकर (त्या डावाचा जोकर ठरवणारं पान), एक उघडं, उरली २६ बंद गड्डीत. तुम्हाला स्वतःची तेरा आणि ती दोन अशी १५ पानं दिसतात, म्हणजे ९१ अंधारात. साथीदाराची तेरा कळली की अंधारात राहतात ७८. आकड्यात फरक लहान वाटतो. खरा फायदा दुसरीकडेच आहे.

चौकटच्या अठ्ठ्यावर तुमचा सिक्वेन्स (एकाच प्रकारच्या, ओळीने येणाऱ्या पानांचा गट) अडलाय असं धरा. त्या पानाच्या प्रती दोनच. एक साथीदाराकडे असेल आणि तो तुमच्या लगेच आधी खेळत असेल, तर ती तो उघडी टाकतो आणि तुम्ही उचलता. रमीत उघडं पान फक्त पुढच्याच माणसाला मिळतं, म्हणून जोड्या शेजारी बसण्यासाठी धडपडतात. शिवाय साथीदाराने पहिल्याच पाळीत ड्रॉप घेतला, म्हणजे डाव सोडला, तर त्याला फक्त २० गुण बसतात. पूर्ण हात पडला तर ८०. पॉइंटला एक रुपया धरला तर वीस रुपयांत तेरा पानांची बातमी, इतकं स्वस्त.

आता पैसा कुणाचा गेला ते पाहा. कंपनी प्रत्येक डावातून आपली कापणी काढून घेते, साधारण दहा-पंधरा टक्के. कोण जिंकलं याचं तिला सोयरसुतक नसतं. जोडीने मारलेली रक्कम समोरच्या चौघांच्या खिशातून जाते. "कंपनीला लुटलं" हे वाक्य रमीला लागूच होत नाही.

द्राक्षमणी

रमीचं मान्य. ती सरळ लबाडी आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण कॅसिनो, सट्टा, बोनस, जिथे समोर फक्त कंपनी आहे, तिथे माझा मुद्दा उभाच राहतो. एका शून्याच्या रूलेटमध्ये २.७० टक्के, दोन शून्यांच्या ५.२६ टक्के ती आधीच आपल्याकडे ठेवून घेते. जुन्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एकावर लावलं तर नऊ पट मिळायचे, म्हणजे दहा टक्के गिळंकृत. हे खेळाच्या रचनेतच बसवलेलं आहे आणि कुणी त्याला लबाडी म्हणत नाही. मग खेळणाऱ्याने उलट टक्का शोधला की लगेच नीतिशास्त्र का आठवतं?

बावन्न_पाने

कारण तो टक्का उघड आहे. रूलेटच्या चाकावर शून्य रंगवलेलं दिसतं, मटक्याचा भाव गल्लीत सगळ्यांना पाठ. उघड असलेला वाईट सौदा हा मूर्खपणाचा सौदा असेल, फसवणूक नाही. फायदा कंपनीचा असो वा खेळणाऱ्याचा, माप एकच लावू: तो दिसतोय का, की लपवावा लागतोय?

बोनसच्या बाबतीत तुमच्याशी सहमत, फक्त हिशेब करून पाहा. ५,००० भरा, वर ५,००० बोनस, अट बोनसच्या तीसपट रकमेच्या पैजा लावण्याची. म्हणजे दीड लाखाची उलाढाल. स्लॉटमध्ये कंपनीचा टक्का चार धरला तर सरासरी तोटा ६,०००, म्हणजे बोनसपेक्षा हजार जास्त. ब्लॅकजॅकला अर्धा टक्काच आहे म्हणून तिकडे वळलात, तर अटींच्या तळाशी लिहिलेलं असतं की ब्लॅकजॅकची उलाढाल दहा टक्केच धरली जाईल. मग दीड लाखाचे झाले पंधरा लाख, तोटा ७,५००. क्वचित एखाद्या बोनसचं गणित खेळणाऱ्याच्या बाजूने निघतं. ते शोधून स्वतःच्या नावाने घेतलं तर त्यात कुणाची फसवणूक नाही. कंपनीने जाहिरात केली, तुम्ही वाचली.

गाडी घसरते ती पुढच्या पायरीला. एका माणसाला एकच बोनस, म्हणून आईचं आधार, काकांचं पॅन, मावसभावाचं सिम. खेळणारा तोच, नावं पाच. तिथे गणित संपतं आणि तोतयेगिरी सुरू होते.

सातपूर_सर्किट

पत्ते पिसण्याच्या प्रोग्रामबद्दल कुणीतरी लिहायला हवं, कारण ऑनलाइन खेळातली सगळ्यात गाजलेली पळवाट तिथलीच.

१९९९ साली एका पोकर सॉफ्टवेअर कंपनीने आपला खेळ किती चोख आहे हे दाखवायला पिसण्याचा कोडच जाहीर केला. सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी तो वाचला. चुका दोन प्रकारच्या होत्या.

पहिली, पिसण्याची पद्धत. प्रत्येक पान गड्डीतल्या कुठल्याही पानाशी अदलाबदल करत जायचं, असा लूप होता. वाटतं ठीक, पण चुकीचं आहे. तीनच पानं घेऊन करून पाहा: तीन पाळ्या, प्रत्येकीत तीन पर्याय, एकूण २७ वाटा, आणि क्रम शक्य फक्त ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही. तीन क्रम पाच-पाच वाटांनी येतात, उरलेले तीन चार-चार. म्हणजे गड्डी कायमची वाकडी. योग्य रीत अशी की एकदा जागेवर बसवलेलं पान पुन्हा हलवायचं नाही, उरलेल्यांतूनच निवडायचं. त्या कोडमध्ये भर म्हणजे एकाने कमी मोजण्याची चूकही होती, त्यामुळे शेवटचं पान शेवटच्या जागी कधी राहूच शकत नव्हतं.

दुसरी चूक जीवघेणी. बावन्न पानांचे क्रम सुमारे ८ वर ६७ शून्यं इतके. यादृच्छिक आकडे काढणाऱ्या यंत्राचं बीज, म्हणजे ज्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो पहिला आकडा, मात्र मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून घेतलेलं. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे जगात कितीही क्रम असोत, या साइटवर रोज फक्त ८.६४ कोटी गड्ड्या. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की त्या उरतात अंदाजे दोन लाख. हातातली दोन आणि टेबलावर उघडलेली तीन अशी पाच पानं टाकली की दोन लाखांतून नेमकी एक गड्डी सापडते. सगळ्यांचे हात आणि पुढे येणारी पानं, खेळ चालू असतानाच.

त्या लोकांनी ते जाहीर केलं आणि कंपनीने कोड बदलला. समजा त्यांनी गप्प बसून खेळायला सुरुवात केली असती, तर लबाडी झाली असती का? कोड तर कंपनीनेच दाखवला होता, कुठेही घुसखोरी नाही.

द्राक्षमणी

झाली नसती. सर्वांसमोर ठेवलेली गोष्ट नीट वाचली, एवढंच.

बावन्न_पाने

झाली असती. पोकर आहे ते! टेबलावर पैसा इतर खेळाडूंचा. त्यांनी "आपली पानं झाकलेली आहेत" या एका गृहीतावर पैसा लावलाय. हात दिसत असताना खेळणं हे अॅब्सोल्यूट पोकर या साइटवर २००७ मध्ये घडलं तसंच. तिथे आतल्या माणसाच्या खात्याला सगळ्यांची झाकलेली पानं दिसत होती. एका खेळाडूने स्पर्धेची नोंद मागवली, साइटने चुकून सगळ्यांच्या पानांसकट फाइल पाठवली आणि बिंग फुटलं. एकाने गणिताने पाहिलं, दुसऱ्याने मागच्या दाराने, पण समोर बसलेल्याच्या दृष्टीने फरक शून्य.

मिसळ_कमी_तिखट

नळराजाचं काय मग? ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकला आणि पुष्कराला जाऊन हरवलं. पळवाटच ती.

बावन्न_पाने

उलट तिथेच रेघ स्पष्ट दिसते. पहिल्या द्यूतात द्वापर फाशांत शिरला होता, म्हणजे साधनच बिघडवलेलं. नळाने नंतर मिळवली ती विद्या. फासा तोच, डोकं बदललं.

वकीलवाडी

विद्या आणि साधन यांच्या मधोमध अडकलेला एक खटला आहे, तो इथे नेमका बसतो.

ऑगस्ट २०१२ मध्ये फिल आयव्ही हा नामवंत खेळाडू लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत पुंटो बांको हा पत्त्यांचा नशिबाचा खेळ खेळून सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. पद्धत अशी: काही कंपन्यांच्या पत्त्यांची पाठ कापताना नक्षी दोन्ही लांब कडांना सारखी येत नाही, एका कडेला पूर्ण, दुसऱ्या कडेला अर्धवट. पान १८० अंशांत फिरवलं की पाठीवरून ओळखता येतं. या खेळात सात, आठ, नऊ ही पानं कामाची. त्याच्या सहकारी बाईने अंधश्रद्धेचं निमित्त करून, डीलरला "हे पान शुभ, असं फिरवून ठेव" असं सांगत ती फिरवून घेतली. त्याच पानांचा संच पुन्हा वापरायची आणि यंत्राने पिसायची विनंती केली, कारण हाताने पिसताना पानं उलटसुलट फिरतात, यंत्रात फिरत नाहीत. नेहमी कॅसिनोकडे एक-सव्वा टक्का असतो. अचूक केलं तर या युक्तीने खेळणाऱ्याकडे सुमारे साडेसहा टक्के येतात.

कॅसिनोने लावलेले पैसे परत केले, जिंकलेले दिले नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आयव्हीविरुद्ध निकाल दिला. त्याने पानांना हातही लावला नव्हता, आपण लबाडी करत नाही असं तो मनापासून मानत होता हेही ग्राह्य धरलं गेलं. तरी ती लबाडीच ठरली, कारण निव्वळ नशिबाच्या खेळात त्याने डीलरला फसवून पानांची मांडणी बदलून घेतली. अटलांटिक सिटीच्या बोरगाटा कॅसिनोशी त्याचा असाच दुसरा वाद झाला. तिथे फसवणूक सिद्ध झाली नाही, कराराचा भंग धरला गेला, आणि २०१६ मध्ये सुमारे एक कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला.

याच्या शेजारी पत्ते मोजणारा ठेवा. ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवणं ही कुठेही लबाडी धरली गेलेली नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली केन युस्टनच्या प्रकरणात, नुसतं मोजतो म्हणून त्याला बाहेर काढता येणार नाही असं म्हटलं. मोजणारा खेळाने दाखवलेलं पाहतो. आयव्हीने खेळाला दाखवायला लावलं.

सातपूर_सर्किट

जाता जाता: ऑनलाइन ब्लॅकजॅकमध्ये मोजणं निरर्थक आहे. संगणकावरच्या खेळात प्रत्येक हाताला नवी गड्डी. लाइव्ह डीलरकडे आठ कॅट असतात आणि बऱ्याचदा निम्म्यावरच पुन्हा पिसतात. मोजणी ज्या शेवटच्या पानांवर जगते, ती कधी बाहेर येतच नाहीत.

द्राक्षमणी

वकीलसाहेब, मग बिघडलेल्या यंत्राचं सांगा. कुणाला फसवलं नाही, फक्त बटणं दाबली.

वकीलवाडी

२००९ मध्ये लास वेगासमध्ये तेच घडलं. व्हिडिओ पोकरच्या एका यंत्रात ठरावीक क्रमाने बटणं दाबली की आधी छोट्या दराने जिंकलेला हात मोठ्या दराने पुन्हा चुकता व्हायचा. त्यासाठी डबल-अप (जिंकलेली रक्कम दुप्पट करायला पुन्हा पणाला लावणं) ही सोय चालू असावी लागे आणि ती कॅसिनोकडून चालू करून घ्यावी लागे. दोघांवर फेडरल खटला झाला. संगणकाचा अनधिकृत वापर हा आरोप टिकला नाही, कारण यंत्राची जी बटणं खेळणाऱ्यासाठीच होती तीच त्यांनी दाबली होती. २०१३ मध्ये खटला सोडून द्यावा लागला. गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे कृत्य चांगलं ठरलं असा अर्थ मी काढणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या बाजूला हा आकडा लिहून ठेवा.

गोदाकाठ

भावातल्या चुकीचं काय? २.१० लिहायच्या जागी २१.० पडलं आणि कुणी पटकन लावलं?

बावन्न_पाने

लासलगावच्या लिलावात क्विंटलला २,१०० बोली झाली आणि सौदापट्टीवर २१,००० पडलं, तर कुठला शेतकरी ते घेऊन घरी जाईल? गेला तरी दुसऱ्या दिवशी बाजार समितीत काय होईल ते सांगायला नको. उघड चूक ही बोली नसते. सट्ट्याच्या साइट्सच्या नियमांत "स्पष्ट चूक असल्यास पैज रद्द" हे कलम असतंच.

पण दोन साइट्सच्या खऱ्याखुऱ्या भावांतला फरक ही निराळी गोष्ट. एकीकडे अ संघाला २.१०, दुसरीकडे ब संघाला २.०५. एक भागिले भाव अशी बेरीज करा: ०.४७६ अधिक ०.४८८, म्हणजे ०.९६४. एकाखाली आली म्हणजे दोन्हीकडे लावून नफा निश्चित. दहा हजारांत ४,९४० अ वर, ५,०६० ब वर, कोणीही जिंकलं तरी हातात साधारण १०,३७३. यात कुणाची फसवणूक नाही, द्राक्षांचा भाव पिंपळगावला एक आणि वाशीला एक असतो तसंच. फसते ती अंमलबजावणी. एका साइटने आपली पैज रद्द केली की दुसरीकडची ५,०६० ची उघडी पडते आणि नफा निश्चित म्हणणारा माणूस साध्या जुगाऱ्याच्या जागी येऊन बसतो. शिवाय असं खातं साइटच्या लक्षात येतं आणि त्याची मर्यादा शंभर-दोनशे रुपयांवर आणून ठेवली जाते.

द्राक्षमणी

बघा! हरणाऱ्याला हवं तितकं लावू देतात, जिंकणाऱ्याचे हात बांधतात. आणि लबाड मी?

बावन्न_पाने

हा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. +१.

सातपूर_सर्किट

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. मैदानातला चेंडू आणि मोबाइलवरचं चित्र यांत अर्धा मिनिटसुद्धा फरक पडू शकतो. चित्र कॅमेऱ्यातून उपग्रहावर, तिथून प्रक्षेपणकेंद्रात, मग तुकडे करून सर्व्हरवर, आणि तुमच्या फोनवर ते अडखळू नये म्हणून काही तुकडे आधी साठवून मग दाखवतात. टीव्हीला हा शेवटचा उशीर कमी, म्हणून शेजारच्या घरात "आउट!" ओरडतात तेव्हा तुमचा गोलंदाज अजून धावत असतो.

बुकीला हे पाठ असतं. तो चेंडू पडण्याआधी भाव बंद करतो, आणि जिथे खेळणारे एकमेकांशी लावतात तिथे पैज स्वीकारायला मुद्दाम काही सेकंद थांबवतात. तरी फट राहते. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कोर्टाशेजारी बसून गुण आधी कळवणाऱ्या एका ब्रिटिश माणसाला मेलबर्नमध्ये पकडलं होतं, पुढे आरोप मागे घेतला गेला. डोळ्यांनी सामना पाहणं हा गुन्हा कसा, हा प्रश्न तिथेही सुटला नाही. माझ्या मते समोर बुकी असेल तर ते त्याच्या धंद्यातलं जोखमीचं काम. समोर दुसरा खेळाडू असेल तर निकाल लागल्यावर घेतलेली पैज आहे ती, पैज नव्हेच.

लेखा_नाशिकरोड

इतका वेळ वाचतोय. सगळे जण "समोर कंपनी आहे" असं धरून बोलताय. क्रॉकफर्ड्सला इमारत होती, परवाना होता, न्यायालय होतं. आज इथे ज्या साइट्स उघडतात त्यांचं तसं नाही. पैसा कुठून कुठे जातो तो रस्ता एकदा पाहा.

भरणा करताना दिसणारा यूपीआय आयडी रोज बदलतो, कधी दिवसातून चारदा. नाव एखाद्या किराणा दुकानाचं किंवा अनोळखी माणसाचं. ही भाड्याची खाती. कुणीतरी महिन्याला काही हजारांच्या बोलीवर पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकलेलं असतं. तुमचे पैसे काढण्याची विनंती आली की साइट ती दुसऱ्या अशाच खात्यातून चुकती करते. त्या खात्यात त्याच दिवशी काय जमा झालंय? दुसऱ्या खेळाडूचा भरणा असेल. डिजिटल अरेस्टच्या धाकाने एखाद्या निवृत्त माणसाने पाठवलेली रक्कमही असू शकते. खात्याला दोन्ही सारखेच.

मग फसवली गेलेली ती व्यक्ती १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करते किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवते. रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली तिथे थराथराने थांबवली जाते. पहिलं खातं, दुसरं, तिसरं. तिसरं तुमचं. बोनसचं गणित कितीही निर्मळ असो, तुमच्या खात्यात आलेला पैसा कंपनीचा नव्हताच.

द्राक्षमणी, तुमच्या "कंपनीला लुटलं तर काय" मधली कंपनी दाखवा. घेणारं कुणी नाही, देणारं कुणी नाही, मध्ये फक्त इतरांचे भरणे फिरतात. परवाना असलेल्यांचंही काही वेळा तेच निघालं. फुल टिल्ट पोकर या साइटचं खेळाडूंना देणं मार्च २०११ अखेर सुमारे ३९ कोटी डॉलर होतं आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. तोवर ज्यांनी युक्तीने जिंकून पैसे काढले, त्यांनी ते कुणाचे काढले?

द्राक्षमणी

हं. हा विचार केला नव्हता. म्हणजे माझा युक्तिवाद चुकीचा नाही, पण तो ज्याच्यावर चालवायचा ते घरच जागेवर नाही, असं म्हणताय.

लेखा_नाशिकरोड

तेच. आणि करही विसरू नका. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून सरसकट ३० टक्के, त्यातून दुसरा तोटा वजा होत नाही. धंदा बेकायदा आहे म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही.

वकीलवाडी

कायद्याचा तुकडा पूर्ण करतो. २०२५ च्या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाख, पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत. कौशल्य की नशीब हा जुना वाद या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळापुरता बाजूला ठेवलाय. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण साथीदारासोबत रमीत इतरांना फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा फसवणुकीचा मामला होऊ शकतो, आणि खातं भाड्याने देणारा तर थेट आरोपीच्या रांगेत जातो.

जिंकलेले पैसे साइटने दिलेच नाहीत तर दावा? विसरा. करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार निरर्थक, वसुलीचा दावा चालत नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवलेत. नाशिक त्याच इलाख्यातलं.

सातपूर_सर्किट

पळवाटीच्या मोहाचा जो खरा धंदा चालतो त्याबद्दल कुणी बोललं नाही. टेलिग्रामवरचे "प्रेडिक्टर". विमान उडतं आणि कधीही फुटतं त्या खेळाचा पुढचा आकडा सांगतो म्हणे.

त्या खेळाचं गणित असं: कापणी ३ टक्के असेल तर दोन पटीला पोचण्याची शक्यता ४८.५ टक्के, दहा पटीला ९.७ टक्के. कुठेही थांबा, शंभरामागे सरासरी ९७ परत. चोख साइटवर आकडा साइटच्या आणि खेळणाऱ्यांच्या बाजूच्या बीजांतून निघतो; साइटचं बीज आधीच ठरलेलं असतं आणि त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, डाव सुरू होण्याआधी दाखवतात. डाव संपल्यावर बीज उघड करतात, मग कुणीही हॅश काढून ताळा करू शकतो. हॅशवरून उलटं बीज काढता येत नाही, म्हणून भाकीत अशक्य. ताळा करताना एक गोष्ट पाहावी: हॅश तुमच्या बाजूचं बीज ठरण्याआधी दिसला होता का? नंतर दिसला असेल तर साइटने सोयीचं बीज निवडायला वाव ठेवलाय.

प्रेडिक्टरवाले करतात काय, तर १,०२४ लोकांचा गट घ्यायचा, अर्ध्यांना "वर", अर्ध्यांना "खाली" सांगायचं. ज्यांना बरोबर आलं त्यांचे पुन्हा दोन भाग. पाच फेऱ्यांनंतर ३२ जणांनी सलग पाच अचूक भाकितं पाहिलेली असतात. पैसे त्या ३२ जणांकडून घ्यायचे. एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल) टाकायला सांगत असतील तर आणखी वाईट. ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ओटीपी तिकडूनच जातो.

मिसळ_कमी_तिखट

म्हणजे मोराला पिसारा मिळत नाही, उलट त्याचीच पिसं काढतात. उत्तर मिळालं.

गोदाकाठ

लेखासाहेब, समजा खात्यावर रक्कम अडकलीच, तर पुढे काय करायचं? बरेच लोक शाखेत जाऊन भांडून परत येतात.

लेखा_नाशिकरोड

शाखेत भांडून उपयोग नाही, त्यांच्या हातात सोडवणं नसतं. लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठल्या राज्यातलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती. बऱ्याचदा वादातल्या रकमेपुरताच अडथळा पुरेसा असतो, पण पूर्ण खातं गोठवलेलं असतं. तेवढ्यापुरतंच ठेवा, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला द्या. सोबत सहा महिन्यांचा उतारा आणि त्या जमेचा स्रोत. खोटा स्रोत लिहू नका. "मित्राने उसने परत केले" असं लिहिलं आणि तो मित्र भाड्याच्या खात्याचा मालक निघाला की तुम्ही साक्षीदाराचे आरोपी होता. जप्ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली झाली असेल तर रक्कम सोडवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज. ठाणं परराज्यातलं असेल तर वकील तिथलाच लागतो, हा खर्च कुणी धरत नाही.

द्राक्षमणी

जिंकणाऱ्याचं खातं मर्यादित करणाऱ्या साइटबद्दल माझं मत तेच आहे. बाकी पटलं.

कट्टाचालक

दोन प्रतिसाद उडवले आहेत, दोन्हीत साइटचे दुवे होते. "उदाहरणादाखल" दिले तरी चालणार नाहीत. चर्चा चालू राहू द्या.

बावन्न_पाने

एक भर. साथीदारांची जोडी साइट पकडते कशी, हे कुणीतरी निरोपातून विचारलं. नुसत्या आयपी पत्त्याने नाही: मोबाइल नेटवर शेकडो फोनना एकच बाहेरचा पत्ता असतो, आणि सिडकोतल्या एका इमारतीत एका वाय-फायवर पाच प्रामाणिक माणसं खेळत असू शकतात. पाहतात ते दोन गोष्टींवर. एक, दोन खाती योगायोगाने एकत्र यावीत त्याहून किती जास्त वेळा एका टेबलावर येतात. दोन, पुढच्या माणसासाठी एखादा आपला तयार सिक्वेन्स मोडून पान टाकतो का. चांगला हात मुद्दाम मोडणारा माणूस एक तर नवशिका असतो नाहीतर जोडीतला, आणि नवशिका दर वेळी एकाच माणसाच्या आधी बसत नाही.

आणि वर लिहिलेली १०६ पानं तेरा पानी खेळाची. एकवीस पानी रमीला तीन कॅट लागतात, तिथे एकेका पानाच्या तीन प्रती, सगळा हिशेब वेगळा.